अंबाजोगाई: मेडिकलच्या रस्त्यावरचं मामांचं हॉटेल आणि ऑलिंपिकचं बास्केटबॉल

अंबाजोगाईत रात्री एक वाजता बास्केटबॉलची मॅच बघायची, संघनिवडीवर मनसोक्त वाद घालायचा आणि वर गरम चहा प्यायचा, असं ठिकाण मला एकच माहीत आहे: मेडिकल कॉलेजच्या रस्त्यावरचं मामांचं हॉटेल. पाटीवर नुसतं ‘चहा-नाश्ता’ लिहिलंय. मालकांना लहानथोर सगळे मामा म्हणतात, म्हणून हॉटेललाही तेच नाव पडलं. समोर दवाखाना असल्यामुळं ते रात्रभर उघडं असतं. पेशंटबरोबर खेड्यापाड्यांतून आलेले नातेवाईक, नाइट ड्यूटीच्या सिस्टर, अँब्युलन्सचे ड्रायव्हर हे त्यांचं कायमचं गिऱ्हाईक. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकच्या दिवसांत आम्ही बास्केटबॉलवाले त्यांच्यात जाऊन बसलो. मामांनी आमची जी सोय केली, ती इतरांनाही कळावी म्हणून हे सविस्तर लिहितेय.

मी क्रीडा शिक्षिका आहे. शाळेतल्या मुलींना बास्केटबॉल शिकवते, आणि तालुक्याचा, जिल्ह्याचा शालेय संघ निवडतात त्या बैठकीतही बसते. मिस्टर दवाखान्यात नोकरीला आहेत, क्वार्टर आवारातच आहे, आणि भाची इथंच इंटर्नशिप करतेय. त्यामुळं रात्री साडेबाराला आम्ही दोघी बिनधास्त हॉटेलात जाऊन बसू शकतो. गावाच्या दुसऱ्या टोकाला राहणाऱ्या बाईला ते जमेलच असं नाही, हे आधीच सांगते. पडद्याआड ‘फॅमिली’साठी दोन टेबलं आहेत, पण तिथून टीव्ही दिसत नाही. आम्ही पहिल्या दिवसापासून पुढच्या बाकड्यावर बसलो आणि कुणी वळून बघितलं नाही. रात्रीच्या दवाखान्यासमोर बायका-माणसं सगळीच जागी असतात, त्यामुळं तिथलं वातावरण गावातल्या इतर हॉटेलांपेक्षा निराळं आहे.

टीव्ही ४३ इंची, फ्रीजच्या वर भिंतीला ठोकलेला. मान थोडी वर करावी लागते, पण मागच्या बाकड्यावरूनही स्कोअर वाचता येतो. सुरुवातीला समोरची ट्यूब काचेत चमकायची. एका सिस्टरनं सांगितल्यावर मामांनी दुसऱ्या दिवशी ती काढून मागच्या भिंतीला लावली. तेव्हा ऑलिंपिक टीव्हीवर स्पोर्ट्स १८ ला होतं आणि मोबाइलवर जिओसिनेमाला फुकट. मामांच्या मुलानं टीव्हीला दोन्ही जोडून ठेवलं होतं. चॅनलवर दुसरा खेळ चालू असला की तो अ‍ॅपवरून बास्केटबॉल शोधून लावून द्यायचा, तेही न कुरकुरता. लाईट गेली तर टीव्ही आणि वाय-फाय इन्व्हर्टरवर चालतात. पंखे बंद पडतात आणि मग डास येतात. पावसाळ्यात लाईटचा काय भरवसा, त्यामुळं पूर्ण बाह्यांचं काहीतरी घालून जावं.

या हॉटेलात मॅच बघायची मजा ज्याच्यामुळं आहे, तो मामांचा आवाजाचा नियम. समोर वॉर्ड, आत बाकड्यांवर दिवसभर पळून पळून दमलेले नातेवाईक आडवे झालेले. म्हणून कॉमेंट्री बंद, शिट्ट्या बंद, आरडाओरडा तर अजिबात नाही. इंटर्न पोरांना सुरुवातीला हे जड गेलं. मला मात्र हा नियम मनापासून आवडला. कॉमेंट्री नसली की माणूस स्वतःच्या डोळ्यांनी मॅच बघायला लागतो: चेंडू नसलेला खेळाडू काय करतोय, स्क्रीन कोण लावतंय (म्हणजे आडवं उभं राहून सोबत्याला वाट कोण करून देतंय), चेंडू गेल्यावर मागं कोण धावतंय. मी मुलींना वर्षानुवर्षं हेच सांगत आलेय. आणि वाद घालताना आवाज चढवायची सोय नसल्यामुळं तिथं प्रत्येकाला मुद्दाच मांडावा लागायचा.

वाद पहिल्या मॅचच्या आधीच पेटला होता. अमेरिकेच्या बारा जणांतून कवाय लेनर्ड १० जुलैला बाहेर पडला आणि त्याच्या जागी डेरिक व्हाइटला घेतलं. व्हाइट बोस्टन सेल्टिक्सचा. त्याच सेल्टिक्सनं जूनमध्ये एनबीए, म्हणजे अमेरिकेतली व्यावसायिक लीग, जिंकली होती, आणि फायनलचा सर्वोत्तम खेळाडू ठरला होता जेलन ब्राउन. तो राहिला घरी. हाडांच्या विभागातला एक रेसिडेंट डॉक्टर सेल्टिक्सचा कट्टर भक्त आहे. त्याला हे अजिबात पटलं नव्हतं.

“मॅडम, फायनलचा एमव्हीपी घरी अन् त्याचा जोडीदार पॅरिसला. हे कामून? तुम्ही सिलेक्शन करता, तुम्हीच सांगा.”

मी सांगितलं. लेब्रॉन, करी, ड्युरँट, एम्बीड, टेटम, बुकर, एडवर्ड्स, डेव्हिस: आपापल्या क्लबात चेंडू हातात घेऊन मॅच फिरवणारे एवढे जण आधीच त्या संघात होते. त्यात ब्राउनची भर घातली तर चेंडू वाटायचा कसा? व्हाइटला चेंडू लागत नाही. तो समोरच्या गार्डला अडवतो, त्याच्या उंचीच्या मानानं ब्लॉक भरपूर करतो, मोकळा सापडला तर थ्री, म्हणजे लांबून तीन पॉइंटचा शॉट, टाकतो. ऑलिंपिकची मॅच चाळीस मिनिटांची असते, एनबीएची अठ्ठेचाळीस. पाच फाउलला खेळाडू बाहेर, तिकडं सहाला. बचावपटूला रिंगखाली तीन सेकंदांपेक्षा जास्त उभं राहायला एनबीएत बंदी आहे, इथं नाही, त्यामुळं झोन लावून (म्हणजे माणसामागं न धावता आपापली जागा राखून) आतली वाट बंद करता येते. अशा खेळात बाराव्या जागेला अडवणारा माणूसच घ्यावा लागतो. समितीनं बरोबर केलं, असं मी तेव्हाही म्हटलं आणि आजही म्हणते.

रेसिडेंटचं समाधान झालं नाही. त्याचं म्हणणं, मग यशाला किंमत काय राहिली? प्रश्न खोटा नव्हता. एका अँब्युलन्सच्या ड्रायव्हरनं त्याची बाजू उचलून धरली: “ज्याचं नाव मोठं त्याला घ्यावं. लोक नावासाठीच बघतेत की.” तेवढ्यात चहा गाळता गाळता मामा बोलले. त्यांना बास्केटबॉलमधलं फारसं कळत नाही, पण ते म्हणाले, “पंगतीत समदेच जेवायला बसले तर वाढील कोण?” त्या रात्री त्यावर कुणाकडंच उत्तर नव्हतं.

हा वाद अमेरिकेत जुना आहे. १९९२ च्या बार्सिलोनाच्या संघात कॉलेजचा एकच खेळाडू घेतला, ख्रिश्चन लेटनर. कॉलेजचाच शकील ओनील बाहेर राहिला. आयझेया थॉमसलाही घेतलं नाही, आणि त्याची चर्चा अजून थांबलेली नाही. त्या संघानं फायनलमध्ये क्रोएशियाला ११७-८५ असं हरवलं, म्हणून लेटनरचं कुणी फार ताणलं नाही. २००४ ला अथेन्समध्ये अमेरिका पोर्तो रिकोकडून १९ पॉइंटनी हरली, सेमीफायनल अर्जेंटिनाकडून हरली, ब्राँझवर परतली. तेव्हा मात्र कोण होतं, कोण नव्हतं, याची झाडाझडती झाली. नावांची गर्दी आणि संघ यांतला फरक त्या वर्षी सगळ्या जगानं पाहिला.

२८ जुलैला रविवारी रात्री पावणेनऊला सर्बियाशी पहिली मॅच. ड्युरँट बाकावरून आला आणि पहिल्या हाफमध्ये टाकलेले आठच्या आठ शॉट आत घातले. अमेरिका ११०-८४. पण रेसिडेंटचं सगळं लक्ष बाकावर होतं, कारण टेटमला एक मिनिटही आत घेतलं नाही. एनबीएच्या पहिल्या पाचांत गणला गेलेला खेळाडू टॉवेल घेऊन बसून राहिला. सेमीफायनलला परत सर्बिया आली, तेव्हाही तेच. माझ्या डोळ्यांसमोर आमच्या मुली येतात. जिल्ह्याच्या संघात निवड झाली म्हणून गावात पेढे वाटतात आणि मॅचला बाकावरून उठत नाहीत. पालक मला विचारतात, आमची पोरगी सगळ्यांत जास्त पॉइंट करते, मग बाहेर कामून? मी कारण सांगते, तोंडावर, सगळ्यांसमोर. निवडणाऱ्यानं कारण सांगितलंच पाहिजे. बारा नावांची यादी भिंतीला चिकटवून निघून जाणारे निवडकर्ते मी पाहिलेत, आणि त्यानं खेळ सोडलेल्या मुलीही पाहिल्यात. कारण कडू असलं तरी मुलगी ते पचवते, पण कारणच दिलं नाही तर तिचं मन खेळावरून उडतं.

दक्षिण सुदानबद्दल लिहिल्याशिवाय पुढं जाववत नाही. २०११ ला स्वतंत्र झालेला देश, तेव्हा स्वतःचं इनडोअर कोर्ट नव्हतं, आणि ऑलिंपिकच्या आधी लंडनमधल्या सराव सामन्यात अमेरिकेला १०१-१०० पर्यंत आणलेलं. शेवटच्या सेकंदांत लेब्रॉननं लेअप घातला म्हणून अमेरिका वाचली. पॅरिसच्या ऑलिंपिकमध्ये त्यांनी पोर्तो रिकोला हरवून पहिला विजय घेतला. आमच्या मुली उघड्या कोर्टवर, पाऊस थांबायची वाट बघत खेळतात. त्या संघाचा फोटो मी शाळेत लावलाय. “आपले कुठंयत ओ मॅडम?” असं मामांनी विचारलं तेव्हा सांगावं लागलं, की भारताचा बास्केटबॉल संघ ऑलिंपिकला एकदाच गेला, १९८० ला मॉस्कोला, बऱ्याच देशांनी बहिष्कार टाकला होता तेव्हा, आणि एकही मॅच जिंकता आली नाही. मुलींचा संघ कधीच गेला नाही.

आता खाण्याचं. चहा दहा रुपये, कट सात. साखर जास्त असते, कमी सांगितली तर कमी घालून देतात. भजे आणि आलुबोंडा दोन्ही चांगले, पण दहाच्या आत खावेत. मध्यरात्रीनंतर तेल तेच राहतं, घशाला जाणवतं. खारी-टोस्ट ताजे. खरी चीज म्हणजे सुशीला. भिजवलेले चुरमुरे, शेंगदाण्याचं कूट, हिरवी मिरची, फोडणीत कढीपत्ता भरपूर, वरून कोथिंबीर आणि लिंबू. अंबाजोगाईत सुशीला सगळीकडं मिळते. मामांची मोकळी होते, गिचका होत नाही. पहिली कढई पहाटे चारच्या सुमाराला उतरते. एकची मॅच तीनला संपते, वाद तासभर चालतो, आणि बरोबर सुशीला येते.

७ ऑगस्टच्या रात्री मामांनी आवाजाचा नियम मोडला, स्वतःहून. अविनाश साबळेची स्टीपलचेसची, म्हणजे अडथळे ओलांडत धावायच्या शर्यतीची, फायनल होती. आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा, म्हणजे आमच्याच बीड जिल्ह्याचा मुलगा. या शर्यतीत ऑलिंपिकची फायनल गाठणारा पहिला भारतीय पुरुष. रात्री एक वाजून गेल्यावर शर्यत सुटली. बाकड्यावर झोपलेली माणसं उठून बसली होती, काही जण दारात उभे. मामांनी आवाज मोठा केला. साबळे अकरावा आला, ८ मिनिटं १४.१८ सेकंद. महिनाभरापूर्वी त्यानं पॅरिसमध्येच ८:०९.९१ चा राष्ट्रीय विक्रम केला होता, त्यामुळं आशा मोठी होती. कुणी काही बोललं नाही. धोतरातले एक आजोबा तेवढे म्हणाले, “तिथवर गेला ना लेकरू.” मग आवाज परत बंद.

दुसऱ्या रात्री पेच पडला. ८ ऑगस्टला रात्री ११:५५ ला नीरज चोप्राची भालाफेक, आणि साडेबाराला अमेरिका-सर्बिया सेमीफायनल. टीव्ही एक. मामांनी संध्याकाळीच सांगून ठेवलं होतं: भारताचं माणूस मैदानात असलं तर रिमोट कुणालाच मिळणार नाही. बरोबरच होतं ते. अर्शद नदीमनं ९२.९७ मीटर फेकला, नीरजचा ८९.४५ चा एक भाला सोडून बाकी सगळे फाउल, रौप्यपदक. ते संपेपर्यंत आम्ही भाचीच्या मोबाइलवर दाटीवाटीनं सेमीफायनल बघत होतो आणि प्रत्येक बास्केटला एकमेकांचे दंड आवळत होतो. टीव्ही आमच्या हाती आला तेव्हा हाफटाइमचा सुमार होता: सर्बिया ५४, अमेरिका ४३.

दुसऱ्या दिवशी नागपंचमी. बारा वाजले आणि मामांनी कढई उतरवून ठेवली. पंचमीला तळण नाही, चिरणं नाही, तवा नाही. सगळ्यांना घरच्या ज्वारीच्या लाह्या आणि फुटाणे दिले, पैसे घेतले नाहीत. तिसऱ्या क्वार्टरच्या शेवटी सर्बिया १३ नं पुढं. योकिच सगळ्यांना चेंडू पोचवत होता, बोगदानोविच घालत होता. रेसिडेंट हळूच म्हणाला, “आता तरी टेटमला घ्या.” अमेरिकेचे कोच केर यांनी घेतलं नाही. करी, लेब्रॉन, ड्युरँट, एम्बीड यांच्यावरच डाव लावला. शेवटच्या क्वार्टरमध्ये अमेरिका ३२-१५, मॅच ९५-९१. करीचे ३६ पॉइंट, त्यात नऊ थ्री. लेब्रॉनचे १६ पॉइंट, १२ रिबाउंड (हुकलेल्या शॉटचा चेंडू मिळवणं), १० असिस्ट (बास्केट होईल असा पास). वय ३९. लाह्या हातात तशाच राहिल्या होत्या. ती मॅच मी घरी एकटीनं बघितली असती तर तिचं एवढं काही राहिलं नसतं माझ्याजवळ.

फायनल शनिवारी मध्यरात्रीनंतर एकला. समोर फ्रान्स, त्यांचंच मैदान. एम्बीडला चेंडू मिळाला की प्रेक्षक हुर्यो करायचे, कारण फ्रान्सचं नागरिकत्व घेऊन तो शेवटी अमेरिकेकडून खेळला. आमच्याकडं आवाज बंद, पण प्रेक्षकांचे हात आणि तोंडं दिसत होती. वीस वर्षांच्या फ्रान्सच्या वेंबान्यामानं २६ पॉइंट केले. शेवटची तीन मिनिटं उरली तेव्हा फ्रान्स तीन पॉइंटवर येऊन ठेपलं होतं, आणि करीनं एकापाठोपाठ एक चार थ्री घातले. त्याचे सगळे २४ पॉइंट थ्रीचेच. अमेरिका ९८-८७. इंटर्न पोरं बाहेर रस्त्यावर जाऊन ओरडून आली, मग आत येऊन गप बसली.

माझ्या दृष्टीनं हॉटेलची कसोटी लागली त्याच रविवारी संध्याकाळी सातला. बायकांची फायनल, अमेरिका-फ्रान्स. ही वेळ मामांच्या धंद्याची. भेटायला येणाऱ्यांची गर्दी, पार्सलवाले, बाकड्याला जागा नाही. मी दुपारी विचारलं, शाळेच्या मुलींना आणू का? मामांनी पुढची दोन बाकडी राखून ठेवली. इथं धंद्यावर पाणी सोडून ते वागले, हे ज्यानं हॉटेल चालवलंय त्याला कळेल.

मुलींचा वाद वेगळा होता: केटलिन क्लार्क का नाही? कॉलेजमध्ये सगळ्यात गाजलेली खेळाडू, तिच्यामुळं मैदानं भरतात, आणि जूनमध्ये तिला संघातून वगळलं. आमच्या एका मुलीच्या वहीवर तिचा फोटो आहे. ती माझ्याशी चांगली भांडली. समितीनं कारण उघड सांगितलं होतं: राष्ट्रीय संघातला अनुभव. मैदान भरवणं हे निवड समितीचं काम नव्हे, जिंकणारे बारा जण शोधणं हे तिचं काम. मुलगी म्हणाली, “पण मॅडम, अनुभव मिळणार कधी? आम्हालाही तुम्ही असंच म्हणता.” हा प्रश्न मी मनात ठेवलाय, कारण जिल्ह्याच्या पुढच्या बैठकीत मला तो मांडायचाय. निदान दोन जागा तरी नव्या मुलींसाठी ठेवाव्यात, असं माझं मत होत चाललंय.

मॅच हाफला २५-२५. मग फ्रान्स दहानं पुढं. अमेरिकेच्या एजा विल्सननं, २१ पॉइंट आणि १३ रिबाउंड, संघ ओढून आणला. काही सेकंद उरलेले असताना काहलिया कॉपरनं दोन्ही फ्री थ्रो घातले, ६७-६४. आणि शेवटच्या क्षणी फ्रान्सच्या गॅबी विल्यम्सचा लांबून शॉट आत. मुली उभ्या राहिल्या: ओव्हरटाइम! पण पाय थ्रीच्या रेषेवर होता. दोनच पॉइंट. अमेरिका ६७-६६. मामांच्या मुलानं तो क्षण अ‍ॅपवर मागं नेऊन थांबवला आणि सगळ्या टीव्हीखाली जाऊन बूट बघून आल्या. रेषा ओळखून उभं राहा, असं मी सरावात रोज ओरडते. सोमवारी ते सांगायची वेळ आली नाही. थ्री टाकायच्या आधी प्रत्येक मुलगी खाली बघत होती.

कमी काय आहे तेही लिहिते. बायकांसाठी स्वच्छतागृह नाही. दवाखान्यात जावं लागतं, आणि रात्री ते बरं नाही. ही मोठी उणीव आहे, मामांना तोंडावर सांगितलीय. पिण्याचं पाणी जारचं, पण पेले नीट विसळलेले नसतात, आपली बाटली न्यावी. मागच्या बाजूला बिड्या ओढणारे बसतात, वारा फिरला की धूर आत येतो. गाडी लावायला जागा नाही, आणि अँब्युलन्सच्या वाटेत लावली तर मामा चावी घेऊन स्वतः हलवतात, तेव्हा लावूच नये.

पाचपैकी चार. पाचवा स्वच्छतागृह झालं की.

पुढचं ऑलिंपिक लॉस एंजेलिसला, १४ जुलै २०२८ पासून. आपल्यापेक्षा साडेबारा तास मागं, म्हणजे तिथली संध्याकाळी सातची मॅच आपल्याकडं सकाळी साडेसातला. त्या वेळी मामांकडं सुशीला ताजी असते आणि शाळा भरायला अवकाश असतो. मी मुलींना घेऊन येणार आहे, दोन बाकडी लागतील, हे मामांना आत्ताच सांगून ठेवलंय. ते म्हणाले, “तीन ठेवतो.”